मेस्त्रींचा २८.६५ कुठं फसला?

प्रश्न: नमस्कार सर. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो, बावीस वर्षं झाली. ज्या मेस्त्रींच्या हाताखाली शिकलो त्यांनी टेपरसाठी (एका टोकाकडं निमुळता होत जाणारा जॉब) एकच फॉर्म्युला दिलेला, मोठा डाया (व्यास) वजा लहान डाया, भागिले टेपरची लांबी, गुणिले २८.६५, येतील तेवढे अंश कंपाउंड स्लाइड (हत्यार तिरकं सरकवणारा लेथचा भाग) फिरवायची आणि कापायचं. आजवर कधी दगा दिला नाही. मागच्या महिन्यात एक कोन आला, मोठा डाया ६०, लहान २०, लांबी ४०. हिशेब तोंडी, ४० भागिले ४० म्हणजे १, म्हणजे २८.६५ अंश. लावले, कापला, व्हर्नियर लावला तर लहान टोक २० च्या जागी १६.३ भरलं! ब्लू (कुठं टेकतंय ते दाखवणारा निळा रंग) लावून जोडीच्या पार्टमध्ये घालून बघितला तर नुसता मोठ्या तोंडाशी रंग लागतोय, आत सगळा कोरडा. जॉब स्क्रॅप. पोराच्या मोबाईलवर काढलं तर २६.५७ आले. पोरगा डिप्लोमाला आहे, तो म्हणतो बाबा, तुमचा फॉर्म्युला म्हणजे टेलरची फक्त पहिली टर्म आहे. मी म्हटलं कपडे शिवणारा टेलर काय रे, तर हसला आणि गेला कॉलेजला. आता तुम्हीच सांगा, मेस्त्री चुकीचे होते का?
(एक टर्नर, उद्यमनगर)

उत्तर: दादा, मेस्त्री चुकीचे नव्हते आणि पोरगंही बरोबर बोलतंय, फक्त त्यानं अर्धवट सांगितलं आणि पळालं. जरा सविस्तर सांगतो कारण या २८.६५ च्या पोटात बरंच काही आहे.

आधी हा आकडा आला कुठनं ते बघू. टेपरला एका बाजूनं बघा, डायातला फरक दोन्ही बाजूंना निम्मा निम्मा वाटला जातो, म्हणजे तुमच्या जॉबला एका बाजूची उतरण २० आणि लांबी ४०. उतरण भागिले लांबी म्हणजे त्या कोनाचा टॅन, इथं ०.५. याला आपण क्ष म्हणू. आता आपल्याला टॅन नकोय, कोन हवाय, म्हणजे उलटं जायचंय, टॅन इन्व्हर्स. ते उलटं जाणं साध्या गुणाकार-भागाकारानं नेमकं होत नाही, म्हणून मेस्त्रींच्या पिढीनं एक शॉर्टकट घेतला: कोन बारीक असेल तर टॅन आणि कोन जवळजवळ सारखेच असतात, पण कधी, तर कोन रेडियनमध्ये मोजला तर. एक रेडियन म्हणजे ५७.२९५८ अंश. डाया निम्मा करायचा म्हणून त्याचे अर्धे, २८.६५. म्हणजे मेस्त्रींनी निम्मं करणं, रेडियनचे अंश करणं आणि टॅन इन्व्हर्स अशा तीन गोष्टी एका आकड्यात गिळून टाकल्या आणि तुमच्या हातात एक गुणाकार ठेवला. मला विचाराल तर हे भारीच काम आहे. (आणि इंजिनिअरिंगची पोरं हीच ५७.३ ची पायरी विसरून पेपरात कोन ०.४६ अंश लिहून येतात, ते वेगळंच.)

मग फसलं कुठं? टॅन इन्व्हर्सची वक्ररेषा काढली तर शून्यापाशी ती पट्टीनं आखल्यासारखी सरळ निघते आणि पुढं हळूहळू आडवी पडत जाते. तिचा चढ किती, तर १ भागिले (१ अधिक क्षचा वर्ग). क्ष शून्य असताना चढ १, क्ष ०.५ ला चढ ०.८, क्ष १ ला फक्त ०.५. मेस्त्रींचा फॉर्म्युला धरून चालतो की चढ शेवटपर्यंत १ च आहे, म्हणजे शून्यापाशी पट्टी ठेवली आणि ती तशीच पुढं नेली. रेषा खाली वाकली, पट्टी वरच राहिली, म्हणून तुमचा कोन जास्त आला आणि टोक जास्त बारीक कापलं गेलं.

टेलरचं म्हणणं एवढंच की पट्टी वाकवा. ब्रूक टेलर हा इंग्लंडचा गणिती, १७१५ साली त्याचं पुस्तक आलं त्यात ही रीत आहे. सरळ रेषेच्या जागी बहुपदी घ्यायची, म्हणजे क्षचे घात योग्य आकड्यांनी गुणून बेरीज-वजाबाकी करायची. टॅन इन्व्हर्ससाठी ते आकडे फार देखणे निघतात: क्ष, त्यातनं क्षचा घन भागिले ३ वजा, मग पाचवा घात भागिले ५ मिळवा, सातवा भागिले ७ वजा, असं विषम आकडे धरून पुढं पुढं. हे येतं त्या चढातनंच, १ भागिले (१ अधिक क्षवर्ग) हा भागाकार शाळेतल्यासारखा लांबवर करत गेलात की १ वजा क्षवर्ग अधिक क्षचा चौथा घात असं निघत जातं आणि त्या चढांची बेरीज केली की वरची मालिका.

आता हे तुमच्या भाषेत करून देतो, रेडियन नको, क्ष पण नको. डायातला फरक भागिले लांबी, याला भागाकार म्हणू. भागाकार गुणिले २८.६५, हे मेस्त्रींचं. त्यातनं भागाकाराचा घन गुणिले २.३९ वजा. मग भागाकाराचा पाचवा घात गुणिले ०.३६ मिळवा. मग सातवा घात गुणिले ०.०६ वजा. तुमच्या जॉबची गंमत म्हणजे भागाकार नेमका १ आला, म्हणजे त्याचे सगळे घात १ च, नुसती बेरीज-वजाबाकी: २८.६५ वजा २.३९ म्हणजे २६.२६, अधिक ०.३६ म्हणजे २६.६२, वजा ०.०६ म्हणजे २६.५६. पोराच्या मोबाईलनं सांगितलं २६.५७. झालं की काम, तेही खडूनं मशीनच्या कव्हरवर लिहून.

ह्यात एक गोष्ट नीट बघा, मला ती सगळ्यात आवडते. उत्तर आधी जास्त, मग कमी, मग जास्त, मग कमी, असं खऱ्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना हेलकावे खात येतं. त्यामुळं खरा कोन कायम शेवटच्या दोन उत्तरांच्या मधे अडकलेला असतो, आणि तुम्ही जिथं थांबाल तिथली चूक ही सोडून दिलेल्या पुढच्या पदापेक्षा जास्त असूच शकत नाही. म्हणजे कॅल्क्युलेटर नसला तरी आपण किती चुकतोय हे कळतं! मेस्त्रींच्या फॉर्म्युल्यात नेमकं हेच नव्हतं, आकडा होता पण त्याची हद्द सांगितलेली नव्हती.

तर हद्द अशी. डायातला फरक लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर एकटा २८.६५ वापरा, चूक ०.१ अंशाच्या आत राहते आणि स्लाइडवर एकेका अंशाच्या खुणा असतात तिथं ते डोळ्याला दिसणारही नाही. साधारण साडेनऊ अंशापर्यंतचे टेपर यात बसतात. मोर्स टेपर (ड्रिलच्या दांड्याला असतो तो) तर साधारण २० मिमीला १ मिमी असा अगदी सपाट, तिथं चूक अंशाच्या दहा हजाराव्या भागात जाते. बावीस वर्षं दगा का दिला नाही ते कळलं ना, तुमच्याकडं तसलेच जॉब येत होते. त्यापुढं भागाकार १ पर्यंत २.३९ आणि ०.३६ वाले दोन्ही घ्या. आणि भागाकार १ च्या पुढं गेला की मात्र हा रस्ता सोडा.

का सोडा ते सांगतो. ४५ अंशाचा कोन घ्या, भागाकार २, क्ष म्हणजे १. उत्तर आपल्याला पाठ आहे, पण फॉर्म्युल्याला विचारा. मेस्त्री म्हणतील ५७.३ अंश! तीन पदं घेतली तरी ४९.६६. इथं घात लहान होतच नाहीत, १ चा कितवाही घात १ च, नुसते ३, ५, ७ नं भागून काय होणार. ०.१ अंशापर्यंत यायला जवळजवळ दीडशे पदं लागतात. कोण करतंय.

ह्या ४५ अंशाच्या दुखण्यावर औषध आपल्याकडंच निघालं होतं, केरळात. संगमग्रामचा माधव, चौदाव्या शतकातला. युरोपात ग्रेगरीनं ही मालिका १६७१ साली लिहिली, माधवाच्या परंपरेत ती त्याच्या खूप आधी होती, आणि ज्येष्ठदेवानं १५३० च्या आसपास मल्याळममध्ये लिहिलेल्या युक्तिभाषेत ती सिद्धतेसकट आहे. पण मालिकेपेक्षा त्यांची पुढची करामत मला मोठी वाटते. त्यांनी बघितलं की मालिका हळू चालते, मग म्हणाले थांबा तिथं, आणि जे उरलं त्याचा अंदाज एका अपूर्णांकानं भरून काढा. घेतलेल्या पदांची संख्या 'न' धरली तर तो अपूर्णांक असा: वर (न चा वर्ग अधिक १), खाली (न च्या घनाची चारपट अधिक न ची पाचपट). तीन पदं घेतली तर वर १०, खाली १२३. आता करा: १ वजा एक तृतीयांश अधिक एक पंचमांश म्हणजे ०.८६६७, त्यातनं १० भागिले १२३ वजा, ०.७८५४. अंश केले तर ४४.९९८. दीडशे पदांनी जे जेमतेम जमत होतं त्याच्या कितीतरी पुढं, फक्त तीन पदांत. नाद खुळा म्हणतात तो हा.

दुसरं औषध जास्त सोपं आणि वर्कशॉपच्या स्वभावाचं: कोन मोठा आहे ना, मग आधी अर्धा करा. क्ष च्या जागी क्ष भागिले (१ अधिक वर्गमूळ (१ अधिक क्षवर्ग)) घ्यायचं, हा बरोबर अर्ध्या कोनाचा टॅन. त्याच्यावर तीन पदं लावायची आणि शेवटी दुप्पट. तुमचा ०.५ याच्यात घातला की ०.२३६ होतो, तीन पदांत उत्तर २६.५६६, खऱ्यापासून अंशाचा हजारावा भागही लांब नाही. ४५ अंशावर हेच केलं तर ४९.६६ ऐवजी ४५.०३ येतात. आणि क्ष १ पेक्षा मोठा असेल, समजा २, तर तो उलटा करा, ०.५ चा कोन काढा आणि ९० तनं वजा करा, ६३.४३. त्रिकोणाला दुसऱ्या बाजूनं बघितलं एवढंच.

जॉन मॅचिननं १७०६ साली पायचे (π चे) शंभर आकडे काढले तेही याच स्वभावाच्या युक्तीनं. त्यानं ४५ अंश थेट काढलेच नाहीत, एक पंचमांशाचा कोन चार वेळा घेतला (ते ४५.२४ होतात, जरा जास्त) आणि एक भागिले २३९ चा बारीक कोन वजा केला, बरोबर ४५. दोन्ही आकडे लहान, दोन्ही मालिका पळत येतात.

पोराला एक विचारा, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर हेच करतो का. बहुतेक तो हो म्हणेल. पण जुन्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरमध्ये टेलर नसायचा, तिथं कॉर्डिक नावाची रीत असायची. जॅक व्होल्डरनं ती विमानाच्या नेव्हिगेशनसाठी काढली आणि १९५९ साली छापली. त्यात १, अर्धा, पाव, अष्टमांश यांचे कोन आधीच पाठ करून ठेवलेले, ४५, २६.५६५, १४.०३६, ७.१२५ असे, आणि मशीन ह्या ठरलेल्या कोनांनी इकडं तिकडं फिरत फिरत आपल्या कोनावर येऊन थांबतं, गुणाकार लागतच नाही. तुमचा स्क्रॅप गेलेला कोन त्या यादीत दुसऱ्या नंबरला आहे बघा.

प्रश्न: सर, मी गोकुळ शिरगावला क्यूसीत (मालाच्या तपासणीत) आहे. आमच्याकडं २०० मिमीचा साइन बार आहे, एका टोकाखाली ठरलेली उंची देऊन कोन लावायची पट्टी. सिनिअर सांगतात ४५ अंशाच्या वर साइन बार वापरायचा नाही. कारण विचारलं तर "नियम आहे" एवढंच. तुमच्या ह्या सदरात टॅनबद्दल येत असतं, साइनचं पण सांगा ना.
(एक वाचक ताई)

उत्तर: ताई, नियम बरोबर आहे, कारण पण फार सरळ आहे. साइन बारला उंची भागिले २०० म्हणजे साइन, त्याचा उलटा काढला की कोन. साइन इन्व्हर्सची मालिका अशी: क्ष, अधिक घन भागिले ६, अधिक पाचवा घात गुणिले ३ भागिले ४०, वगैरे. इथं सगळी चिन्हं अधिक! म्हणजे टॅनसारखे हेलकावे नाहीत, तुम्ही कुठंही थांबा, उत्तर कायम कमीच येणार, आणि पुढचं पद बघून चूक किती हेही सांगता येत नाही, कारण मागनं सगळी पदं त्याच बाजूला ढकलत असतात. बारीक कोनाला चालून जातं. स्लिप गेज (नेमक्या जाडीचे ठोकळे) ३० मिमीची लावली तर क्ष ०.१५, पहिल्या पदात ८.५९ अंश, दुसरं घेतलं की ८.६२७, आणि खरा कोनही तिसऱ्या दशांशापर्यंत तेवढाच.

पण क्ष १ कडं जाऊ लागला की ही वक्ररेषा उभी होत जाते, शेवटी भिंतीसारखी. चढ म्हणजे १ भागिले कोनाचा कोसाइन. आडव्या बारला १, ४५ अंशाला १.४१, ६० ला २, ८० ला पावणेसहा. आता तुमच्या स्लिपच्या गठ्ठ्यात १० मायक्रॉनची चूक आहे समजा, धूळ म्हणा, ठोकळे एकमेकांना नीट चिकटले नाहीत (रिंगिंग झालं नाही) म्हणा. बार आडवा असताना त्यानं कोन साधारण १० सेकंदानं (घड्याळातला नाही, अंशाचा ३६०० वा भाग तो सेकंद) हलतो, ६० अंशाला तीच धूळ २० सेकंदाची होते आणि ८० ला जवळजवळ एक मिनिटाची. उंची तीच, चूक तीच, कोन मात्र फुगतो. म्हणून ४५ च्या वर जॉब दुसऱ्या अंगावर घेऊन कोटिकोन (९० तनं वजा करून उरतो तो) मोजायचा. हे सिनिअरना सांगा, पण जरा बेतानं.

प्रश्न: सर, बीएस्सीला आहे. टॅन इन्व्हर्सचा ग्राफ तर सगळीकडं गुळगुळीत आहे, १ पाशी काहीच होत नाही, ना टोक ना फट. मग मालिका १ च्या पुढं का फुटते? २ घातलं तर २, मग वजा ०.६७, मग ५.७३, मग वजा १२.५५, वेडंच होतं.

उत्तर: मित्रा, ग्राफवर शोधून सापडणार नाही कारण अडचण ग्राफवर नाहीच, ती बाजूच्या गल्लीत आहे. चढ म्हणजे १ भागिले (१ अधिक क्षवर्ग). क्ष खरी संख्या असेल तर खालचा छेद कधीच शून्य होत नाही, म्हणून ग्राफ गुळगुळीत. पण क्षच्या जागी वजा एकचं वर्गमूळ, म्हणजे काल्पनिक आय घाल, छेद शून्य. शून्यापासून आयचं अंतर १. मालिका शून्याभोवती वर्तुळ वाढवत जाते आणि त्या खड्ड्याला टेकली की सगळ्या दिशांनी एकदम थांबते, आपल्या सरळ रस्त्यावर पण. केंद्र १ ला हलवलंस तर खड्डा लांब जातो (वर्गमूळ २ एवढा) आणि मालिका होते ४५ अंश अधिक २८.६५ गुणिले (क्ष वजा १) वजा १४.३२ गुणिले त्याचा वर्ग, वगैरे. क्ष १.१ घालून बघ, ४७.७२ येतात, खरा कोन ४७.७३. आणि तो २८.६५ बघितलास का परत आला. इथं तो डाया निम्मा केला म्हणून नाही आला, १ पाशी चढच निम्मा आहे म्हणून आला.

प्रश्न: काका, मी बारावीत आहे. अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाच्या वेळी सगळे म्हणतात महाद्वाराकडच्या बाजूला कुणी इमारतीवर थोडं जरी वाढवलं तरी किरणं अडतात. एवढ्याशानं खरंच फरक पडतो का, की उगाच?

उत्तर: उगाच नाही, आणि हिशेब तुला तोंडी येईल. जानेवारीच्या शेवटी आणि नोव्हेंबरात मावळतीची किरणं पश्चिमेकडनं आत येऊन अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात तेव्हा सूर्य क्षितिजापासून थोडाच वर असतो. समजा ३०० मीटरवरच्या एका गच्चीवर १ मीटरची भिंत वाढली. क्ष म्हणजे १ भागिले ३००, इथं कोन इतका बारीक की पहिलं पदच पुरे, घन भागिले ३ म्हणजे अंशाचा दहा लाखावा भाग, सोडून दे. ५७.३ भागिले ३००, ०.१९ अंश. वाटतं काहीच नाही. पण सूर्याची आख्खी थाळीच अर्ध्या अंशाची आहे, म्हणजे त्या एका मीटरनं तिचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग झाकला! वेळेत बघ, कोल्हापूरच्या अक्षांशावर त्या दिवसांत मावळताना सूर्य मिनिटाला पाव अंशापेक्षा जरा कमी खाली येतो, म्हणजे साधारण पन्नास सेकंद आधीच तो भिंतीआड जाणार. किरणं पायांवरनं वर चढायचा सगळा खेळच काही मिनिटांचा असतो, त्यात पन्नास सेकंद गेले तर किती राहिलं.

पाण्याची टाकी असेल तर १ च्या जागी तिची उंची घाल, बाकी तेच. आणि गच्चीचं अंतर नकाशावरनं घे, महाद्वार रोडला टेप धरून उभा राहू नकोस, गर्दीत तुला कोण टेप धरू देतंय.